दोन कड्या, दोन पत्रे आणि साडेतीन लाख गाड्या

२००० सालानंतरची साताठ वर्षं युरोपात गाड्या विकणाऱ्या बहुतेक मोटार कंपन्या एकाच जातीच्या गाडीमागे लागल्या होत्या. गाडी लहान हवी, किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्यातली हवी, आणि टप पत्र्याचा असूनही बटण दाबल्यावर दुमडून डिकीत गेला पाहिजे. रेनॉ, ओपेल, निस्सान, मित्सुबिशी, फोर्ड, फोक्सवॅगन, व्होल्व्हो यांनी आपापल्या परीने ती बनवली. पुढच्या दहा वर्षांत या गाड्या जवळपास सगळ्या बंद पडल्या, आणि त्यांचे टप बनवणाऱ्या काही नावाजलेल्या कंपन्याही बुडाल्या.

ही लाट उठवली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या २०६ सीसीने. यातलं ‘सीसी’ म्हणजे कूपे-कॅब्रिओले, त्याचा इंजिनाच्या सीसीशी संबंध नाही. ही गाडी साडेतीन लाखांहून जास्त खपली. तेव्हाच्या समीक्षकांनी तिच्या उणिवांची यादीच दिली होती: मागे बसायला जागा नाही, टपाच्या कड्या हाताने लावाव्या लागतात, टप उघडला की डिकीत सामान मावत नाही, समोरच्या काचेची चौकट डोक्यावर येते. पुढच्या गाड्यांनी या उणिवा एकेक करून दूर केल्या आणि प्रत्येक वेळी गाडी थोडी जड, थोडी लांब, थोडी महाग झाली. माझं म्हणणं असं आहे की २०६ सीसी चालली ती या उणिवांमुळेच. त्या दूर करण्याच्या नादात हा प्रकारच संपला.

दंतवैद्याचं पेटंट

पत्र्याचा टप डिकीत लपवण्याची कल्पना प्यूजोकडे आधीपासून होती. पॅरिसमध्ये जॉर्ज पोलँ नावाचे एक दंतवैद्य होते. त्यांना गाड्यांची रेखाटनं करण्याचा नाद होता आणि हात असा होता की पुढे तोच त्यांचा व्यवसाय झाला. त्यांनी अखंड पत्र्याचा टप मागे सरकून डिकीत बसेल अशी रचना केली आणि तिचं पेटंट घेतलं. गाड्यांच्या बॉड्या बांधणारे मार्सेल पूर्तू आणि प्यूजोचे विक्रेते एमिल दार्लमा यांच्यासोबत त्यांनी १९३४ मध्ये प्यूजो ४०१ वर ती प्रत्यक्षात आणली. गाडीचं नाव ‘एक्लिप्स’. नंतर ६०१ आणि ४०२ या मॉडेलांच्याही एक्लिप्स निघाल्या. दुसऱ्या महायुद्धात पोलँ जर्मनांविरुद्धच्या गुप्त कामात होते. ते पकडले गेले आणि मार्च १९४२ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मोटारींच्या इतिहासात त्यांचं नाव घ्यायला हवं तितकं घेतलं जात नाही, म्हणून इथे मुद्दाम घेतलं.

एक्लिप्सचा टप एकसंध होता. त्यामुळे तो मावेल एवढी लांबलचक शेपटी गाडीला द्यावी लागली. मोठ्या, श्रीमंती गाडीला अशी शेपटी शोभून दिसायची. अमेरिकेत फोर्डने १९५७ मध्ये स्कायलायनर काढली तेव्हाही तोच मार्ग घेतला. अवाढव्य गाडी, टपाचा फक्त पुढचा तुकडा दुमडणारा, आणि हे सगळं हलवायला मोटरी, रिले, लिमिट स्विच आणि तब्बल ६१० फूट वायर. तीन वर्षांत ४८ हजारांवर गाड्या विकून फोर्डने तो नाद सोडला. त्यानंतर हा विषय जवळजवळ साडेतीन दशकं पडून राहिला. १९९६ मध्ये मर्सिडीजची एसएलके आली, तिचा टप दोन तुकड्यांत दुमडून झटपट डिकीत जायचा, आणि मागणी इतकी होती की लोक नाव नोंदवून थांबायला तयार होते. पण ती दोन माणसांची, पैसेवाल्यांची गाडी.

प्यूजोपुढचा प्रश्न वेगळा होता. २०६ ही चार मीटरच्या आतली, घरोघरी वापरायची साधी हॅचबॅक. तिला हा टप बसवायचा कसा?

लांबीचं गणित

अशा गाडीत सगळं एका गणितावर येऊन थांबतं, म्हणून त्याच्यासाठी जरा जास्त जागा घेतो.

समोरच्या काचेच्या वरच्या कडेपासून मागच्या काचेच्या खालच्या कडेपर्यंत जेवढी लांबी, तेवढा टप डिकीत गेला पाहिजे. दोन तुकडे केले तर प्रत्येक तुकडा साधारण निम्म्या लांबीचा होतो, आणि डिकी निदान तेवढी लांब लागते. गाडी चार माणसांची करायची तर टप लांबतो. टप लांबला की तुकडे लांबतात. तुकडे लांबले की डिकी लांबते आणि गाडीची मागची बाजू जड, फुगीर दिसू लागते. यातून सुटायचे मार्ग तीनच. टपाचे तीन किंवा अधिक तुकडे करायचे, म्हणजे तुकडे आखूड होतात, पण बिजागऱ्या, सिलिंडर आणि सांधे वाढतात. किंवा डिकी लांब करायची. किंवा टपच आखूड ठेवायचा, म्हणजे समोरची काच जास्त तिरकी करून तिची वरची कड मागे आणायची आणि मागच्या प्रवाशांची जागा कापायची.

प्यूजोने तिसरा मार्ग निवडला, आणि तो निवडताना हात आखडता घेतला नाही. काच एवढी तिरकी केली की उंच माणसाला चौकटीची कड अगदी डोळ्यांसमोर येते. मागची सीट ठेवली, पण तिच्यावर मोठं माणूस बसूच शकत नाही, लहान मूलही कसंबसं. विम्याच्या आणि विक्रीच्या कागदांवर गाडी चार जणांची, प्रत्यक्षात दोघांची आणि दोन पिशव्यांची. त्या बदल्यात काय मिळालं पाहा: दोन चाकांमधलं अंतर हॅचबॅकचंच, २.४४ मीटर. एकूण लांबी सुमारे ३.८४ मीटर, म्हणजे हॅचबॅकच्या आसपासच. पुढची बाजू, डॅशबोर्ड, इंजिनं, सस्पेन्शन, ब्रेक, सगळं लाखोंनी बनणाऱ्या २०६ मधलं. ही २०६ प्यूजोच्या सर्वांत जास्त खपलेल्या गाड्यांपैकी आहे, जगभरात ८० लाखांहून जास्त बनल्या. एवढ्या मोठ्या चुलीवर सीसीचा छोटा तवा ठेवता आला, म्हणून ती परवडली.

डिकीची गंमत उलटीच झाली. टप बंद असताना सीसीची डिकी ४०० लीटरच्या आसपास, म्हणजे हॅचबॅकच्या २४५ लीटरपेक्षा कितीतरी मोठी. टप उघडला की उरते दीडशेच्या घरात, तीही चपटी, खालून हात घालून सामान सरकवावं लागेल अशी.

प्यूजोने पहिली झलक दाखवली ती मार्च १९९८ च्या जिनिव्हा प्रदर्शनात. गाडीच्या नावात वीस हा आकडा आणि त्यापुढे बदामाचं चिन्ह होतं. तेव्हा खुद्द २०६ देखील बाजारात आली नव्हती, म्हणजे साध्या हॅचबॅकची पहिली ओळख लोकांना उघड्या टपाच्या रूपात झाली. विक्रीची सीसी २००० मध्ये पुन्हा जिनिव्हातच दाखवली गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून ग्राहकांच्या हातात पडू लागली.

वीस सेकंदांत काय काय घडतं

टपाचं यंत्र पश्चिम फ्रान्समधल्या सेरिझे गावच्या उलिए या कंपनीचं. बस आणि मोटारींच्या बॉड्या बांधण्यात तिची हयात गेली होती. गाडी मात्र प्यूजो स्वतःच्या कारखान्यात बांधत असे आणि टपाची जोडणी तयार होऊन यायची. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे त्याला महत्त्व आहे.

टप उघडायचा तर आधी डिकीतला पडदा ओढून त्याच्या खुंट्यांना अडकवायचा. हा पडदा सामानाची हद्द ठरवतो. तो जागेवर नसेल तर सेन्सर पुढचं काहीच होऊ देत नाही, कारण वर आलेल्या बॅगेवर टप आदळला तर काच फुटेल. मग समोरच्या काचेच्या वरच्या दोन कोपऱ्यांतल्या दोन कड्या हाताने खेचून सोडवायच्या. मग सीटांच्या मधलं बटण दाबायचं आणि दाबून धरायचं. खिडक्यांच्या काचा खाली जातात. डिकीचं झाकण एरवी पुढच्या बिजागरीवर उघडतं, आता ते उलट्या बाजूने, बंपरकडच्या बिजागरीवर वर उठतं. मागच्या काचेचा तुकडा मागे कलतो, टपाचा पुढचा पत्रा त्याच्यावर दुमडतो, दोघं एकमेकांवर पडून आत जातात आणि झाकण वरून बसतं. साधारण वीस सेकंद. मधेच बटण सोडलं तर सगळं आहे तिथे थांबतं. एखाद्याचं बोट आत असेल तर थांबण्यासारखी दुसरी सुरक्षितता नाही, म्हणून ते बटण तसंच ठेवलं होतं.

त्या दोन कड्यांबद्दल लोकांनी बरीच नाकं मुरडली. टप स्वयंचलित म्हणता आणि कड्या मी ओढायच्या? पण यंत्राच्या बाजूने पाहिलं तर त्या कड्या फार शहाणपणाच्या होत्या. टपाची पुढची कड काचेच्या चौकटीवर घट्ट दाबली गेली तरच तिथलं रबर पाणी आणि वारा अडवतं. हे दाबायचं काम हात करतो. गाडी उन्हात तापली, थंडीत आकसली, रबर जुनं झालं, तरी हाताला थोडं कमीजास्त कळतं आणि तो तेवढा जोर लावतो. तेच काम मोटरने करायचं ठरवलं की मोटर आली, कडी नेमक्या जागी आली का हे सांगणारे सेन्सर आले, आणि टप मिलीमीटरच्या हिशेबात तिथे उतरला पाहिजे ही अटही आली. एक कडी वाचवायला चार भाग वाढतात आणि त्यातला प्रत्येक भाग कधीतरी बिघडणार असतो.

कापडी टप आणि पत्र्याचा टप यांतला खरा फरकही इथेच कळतो. कापड ताणलं की चौकट थोडी वाकडी असली तरी बसून जातं. पत्रा बसत नाही. टपाची कड, समोरच्या काचेचा खांब आणि दरवाजाची बिनचौकटीची काच हे तिन्ही जिथे भेटतात तो कोपरा या गाड्यांचा सर्वांत नाजूक भाग. तिथे वेगवेगळी रबरं एकमेकांना टेकतात आणि तिन्ही वस्तू स्वतंत्रपणे हलतात. पावसात पाण्याचा पहिला थेंब तिथूनच आत येतो. जुनी सीसी घेणाऱ्याने बाकी काही तपासलं नाही तरी त्या कोपऱ्याखालचं अस्तर आणि पायातलं कार्पेट हात लावून बघावं. रबरांना वर्षातून दोनतीनदा सिलिकॉनचं ग्रीस लावलं तर ती बराच काळ टिकतात, आणि खडबडीत रस्त्यावर होणारी करकरही कमी होते.

दुसरी जागा म्हणजे डिकीच्या बिजागरीपाशी वळणारी वायर. झाकण दोन दिशांनी उघडतं, म्हणून ती वायर दोन्हीकडे वाकते. वर्षानुवर्षं वाकून आतली तार तुटते, वरचं आवरण शाबूत दिसतं, आणि मग टप मधेच अडतो. मेकॅनिक टप हलवणारा तेलाचा पंप बदलायला सांगतो आणि दोष असतो एका तारेत. पंप खरंच गेला तर त्याचा झडप-स्क्रू सैल करून दोघांनी मिळून टप हाताने बंद करता येतो. ही सोय माहीत असणं पावसाळी रात्री फार मोलाचं.

टप कापला की गाडीचा कडकपणा जातो, म्हणून समोरच्या खांबांत आणि खालच्या पट्ट्यांत जादा पोलाद घातलं आणि मागच्या सीटमागे उलटल्यावर डोकं वाचवणाऱ्या कमानी बसवल्या. टप, पंप आणि हे पोलाद मिळून हॅचबॅकपेक्षा शंभरहून जास्त किलो वाढले. तरी १.६ लीटरच्या गाडीचं वजन साधारण ११४० किलोतच राहिलं. फरशीच्या रस्त्यावर चौकट थरथरायची, ते खरं. इंजिनांबद्दल सांगण्यासारखं थोडं: १.६ लीटरचं ११० अश्वशक्तीचं, २ लीटरचं त्याहून जोरकस, आणि पुढे एक डिझेल. वेगासाठी ही गाडी कुणी घेतली नाही.

घेणारे कोण होते

उघडी गाडी हवी असणारे युरोपात नेहमीच खूप होते, घेणारे थोडे. कारण व्यवहारी आहे. फ्रान्स, इंग्लंड, जर्मनीच्या शहरांत मध्यमवर्गातल्या कितीतरी लोकांना स्वतःचं गॅरेज नसतं, गाडी रात्री रस्त्यावर उभी असते. कापडी टप चाकूने फाडता येतो. हिवाळ्यात बर्फ साठतं, आत गारठा राहतो. हायवेवर कापडाचा फडफडाट ऐकू येतो. म्हणून उघडी गाडी ही दुसरी गाडी म्हणून घ्यायची, म्हणजे दोन गाड्या पोसता येणाऱ्यांनी.

पत्र्याच्या टपाने ही अडचण संपवली. बंद असताना ही गाडी साध्या छोट्या कूपेसारखीच, कुलूपबंद, ऊबदार. पहिली आणि एकमेव गाडी म्हणून ती चालते. प्यूजोच्या यशाचं मूळ इथे आहे असं मला वाटतं. नवीन हौस निर्माण करावी लागली नाही, जुन्या हौशीच्या वाटेतला एक अडथळा काढला. मागे कुणी बसत नाही ही तक्रार करणाऱ्यांनी बहुधा गाडी घेतलीच नसती. ज्यांनी घेतली ते एकटे किंवा दुकटे होते.

आपल्याकडे ही गाडी अधिकृतपणे विकायला आली नाही. प्यूजोचं आणि महाराष्ट्राचं नातं मात्र होतं. नव्वदच्या दशकात प्रीमियर ऑटोमोबाइल्सबरोबरच्या भागीदारीत कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनायची. ती भागीदारी २०६ सीसी यायच्या आधीच मोडली. ती टिकली असती तरी सीसी इथे आली असती असं मला वाटत नाही, पण २०६ नक्की आली असती, आणि आपल्या छोट्या गाड्यांच्या बाजारात तिने चांगली लढत दिली असती.

उणिवा दूर करण्याची शर्यत

प्यूजोने स्वतःच पहिलं मोठं पाऊल टाकलं. २००३ मध्ये ३०७ सीसी आली, खऱ्या अर्थाने चार जणांची. त्यासाठी मागची बाजू लांब करावी लागली आणि बंद टपात ती गाडी बाजूने पाहिली की शेपटी जड वाटते. प्यूजोला या आकाराचा एवढा अभिमान की २००४ मध्ये जागतिक रॅलीत उतरवलेली ३०७ ही सीसीच्या बॉडीवरच बांधली होती, टप अर्थातच पक्का जोडून. मार्कुस ग्रोनहोल्मने तिच्यात फिनलंडची रॅली जिंकली.

२००३ मध्येच रेनॉने मेगानवर काचेचा टप दिला. २००५ मध्ये निस्सानने मायक्रावरही तो बसवला. मित्सुबिशीची कोल्ट आणि फोर्डची फोकस इटलीच्या पिनिनफरिनाने बांधल्या. २००६ मध्ये फोक्सवॅगनने इओस आणली आणि तिच्या टपाचे पाच तुकडे केले. त्यातला एक तुकडा सरकणारं काचेचं सनरूफ. यंत्र म्हणून ते थक्क करणारं काम होतं, पण गाडी दीड हजार किलोच्या आसपास गेली. ओपेलच्या ॲस्ट्राने आणि व्होल्व्होच्या सी७० ने तीन तुकड्यांचा टप घेतला. मागे माणसं बसू लागली, कड्या गेल्या, शेपटी आवरली. किंमतही वर गेली, आणि एवढ्या पैशांत ग्राहकाला आता एक पायरी वरची सेडान किंवा चांगली कापडी टपाची गाडी दिसू लागली.

उलट दिशेला गेलेल्या दोन गाड्या मला जास्त शहाण्या वाटतात. माझदाने २००६ मध्ये दोन सीटांच्या एमएक्स-५ ला पत्र्याचा टप दिला, तो बारा सेकंदांत सीटांमागे कापडी टपाच्याच जागेत मावायचा आणि डिकीला हात लावायचा नाही. रेनॉने २०१० मध्ये विंड काढली, तिच्या टपाचा एकच तुकडा उलटा पलटून मागे बसायचा, तेही बारा सेकंदांत. दोघांनीही मागची सीट सरळ सोडून दिली. विंड चालली नाही, पण ती आलीच मंदीच्या काळात. माझदाची गाडी टिकली.

आणि २०६ सीसीचं काय झालं? २००७ मध्ये तिच्या जागी २०७ सीसी आली. कड्या आता आपोआप लागायच्या. लांबी चार मीटरच्या पुढे गेली. वजन १४०० किलोच्या आसपास, म्हणजे आधीपेक्षा दोनशेहून जास्त किलो वाढले. टपाला वीसऐवजी पंचवीस सेकंद लागू लागले. मागची सीट मात्र तशीच निरुपयोगी राहिली. जे सोडून द्यायला हवं होतं ते ठेवलं, आणि जे हाताने चाललं असतं त्याला मोटर बसवली. प्रत्येक निर्णय एकेकटा पाहिला तर समर्थनीय आहे. सुरक्षेचे नियम कडक झाले होते, मूळ २०७ मोठी झाली होती, प्रतिस्पर्धी कड्या आपोआप लावत होते. पण सगळे निर्णय मिळून जी गाडी झाली ती आपल्या आधीच्या गाडीचं कारणच विसरली होती.

सेरिझेतले कामगार

या प्रकरणाची खरी किंमत कुणी मोजली ते सेरिझेत दिसतं. २०६ सीसीच्या यशावर उलिएने पुढची उडी मारली ती ओपेलच्या टिग्रा ट्विनटॉपची. या वेळी टपच नव्हे, कोर्सावर आधारलेली पूर्ण गाडी सेरिझेत बांधायची. २००४ पासून ती बनू लागली. धोका कुठे होता हे आता स्पष्ट दिसतं: २०६ सीसीचा खप कमी झाला असता तर प्यूजोने त्याच कारखान्यात जास्त हॅचबॅक काढल्या असत्या. टिग्राचा खप कमी झाला तर उलिएच्या कारखान्यात दुसरं काहीच नव्हतं. टिग्रा एक लाखाच्या आतच राहिली आणि २००९ मध्ये थांबली.

त्याआधीच कंपनी डबघाईला आली होती. २००८ मध्ये आर्जेंटम नावाच्या भारतीय कंपनीने पैसे घालायचं कबूल केलं होतं, ते पुढे फिसकटलं. सेगोलेन रॉयाल अध्यक्ष असलेल्या तिथल्या प्रादेशिक सरकारने हजारेक नोकऱ्या वाचवण्यासाठी धडपड केली. विजेवर चालणारी मिया नावाची छोटी गाडी वेगळी कंपनी काढून तिथेच बनवायचा प्रयत्न झाला. तिचं रेखाटन मुरात ग्युनाकचं. २०६ आकाराला येत होती तेव्हा हाच माणूस प्यूजोच्या डिझाइन विभागात वरच्या जागी होता. उलिए २०१३ मध्ये बंद झाली, मिया २०१४ मध्ये. छोट्या गावात अशी कंपनी गेली की तिच्याबरोबर तिथल्या फिटरांची, साचे बनवणाऱ्यांची एक पिढीच रिकामी होते, आणि ती कला परत जमवता येत नाही.

एकट्या उलिएवरच हे आलं नाही. २००९ च्या फेब्रुवारीत टप बनवणारी जर्मन कंपनी एडशा दिवाळखोरीत गेली, एप्रिलमध्ये दुसऱ्यांसाठी गाड्या बांधणारी ओस्नाब्रुकची कारमान. पिनिनफरिनाने फोकस संपल्यावर दुसऱ्यांसाठी गाड्या बांधणं सोडून दिलं. मंदीचा घाव सगळ्यांनाच बसला, पण हे लोक आधीच एका हौशीच्या वस्तूवर सगळा भार टाकून बसले होते.

फोक्सवॅगनने कारमानचा कारखाना घेतला आणि २०११ मध्ये तिथून गोल्फ कॅब्रिओलेट पुन्हा काढली, कापडी टपाची. आता कापडाचे अनेक थर, मधे आवाज अडवणारा भराव, मागे खरी काच. ज्या तक्रारींमुळे पत्र्याचा टप लोकांना हवासा वाटला होता, त्यातल्या बऱ्याचशा कापडानेच मिटवल्या. बीएमडब्ल्यूच्या चार सीरिजनेही २०२० मध्ये पत्रा सोडून कापड घेतलं आणि नवा टप आधीच्यापेक्षा ४० टक्के हलका असल्याचं सांगितलं.

प्यूजोने २०१२ मध्ये २०८ आणली तेव्हा तिची सीसी काढलीच नाही. पुढच्या वर्षी तिच्याच पायावर ‘२००८’ नावाची उंच बांध्याची गाडी आली. थोडे जास्त पैसे देऊन शेजाऱ्यापेक्षा वेगळं काहीतरी घ्यायचं आहे असा जो ग्राहक पूर्वी सीसीच्या दालनात यायचा, तो आता ती घेऊ लागला. तिला मागे तीन माणसं बसतात, टपाला एकही सांधा नाही, आणि कंपनीला प्रत्येक गाडीमागे उलिएसारख्या कुणाची वाट पाहावी लागत नाही.